आईबाबांचा प्रवास कोल्हापूरपासून मोजा

प्रश्न : आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला येताहेत. दोघंही सत्तरीच्या घरात. कोल्हापूरहून मुंबई आणि पुढे न्यूयॉर्क. थेट विमान घ्यावं की अबू धाबीमार्गे?

उत्तर : मुंबई-न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,550 किलोमीटर. अबू धाबीवरून गेलं तर 13,000 च्या आसपास, म्हणजे वाट फारशी वाकडी होत नाही. वेळ वाढतो तो थांब्यामुळे.

पण आधी तिकीट नीट वाचा. रात्री 2 ला मुंबईहून सुटणारं थेट विमान उन्हाळ्यात त्याच तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास न्यूयॉर्कला उतरतं. वाटतं साडेसहा तास. प्रत्यक्षात विमानात सोळा तास जातात, कारण घड्याळ साडेनऊ तास मागे जातं. त्यात विमान 14 तारखेचं असेल, तर आईबाबांना 13 च्या दुपारीच कोल्हापूर सोडावं लागतं. या तारखेत भलेभले फसतात, म्हणून फोनवर त्यांच्याकडून वार वदवून घ्या. दुपारी बाराला घर सोडल्यापासून तुमच्या दारात पाऊल टाकेपर्यंत तेहतीस-एक तास होतात. त्यातला सर्वांत त्रासाचा तुकडा विमानाचा नाही, गाडीतून मुंबई गाठण्याचा आहे. एक दिवस आधी निघून ठाण्या-पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करू द्या. माझ्या मते तिकिटावर हजार रुपये वाचवण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे.

थेट विमान परवडत असेल तर तेच घ्या. अबू धाबीचा एक फायदा मात्र खरा आहे : अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र मधे किमान चार तास हवेत आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढू नका; पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेणार नाही.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. बाबा म्हणतील, "आम्ही चालतो की!" त्यांना समजावा, की प्रश्न चालण्याचा नाही, सोबतचा माणूस रांगेतून पार करून योग्य गेटपर्यंत पोचवतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीतच असाव्यात. कोणती गोळी कधी घ्यायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर घड्याळाच्या गोंधळात डोस चुकतो किंवा दोनदा घेतला जातो. विमानात अधूनमधून उठून चालायला सांगा, पायांत रक्त साकळू नये म्हणून.

आंबे, ताजी फळं आणू नयेत. चकली-चिवडा आणला तरी खाण्याचे पदार्थ आहेत हे कस्टम्सला सांगायचं.

तुमचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहून दोघांच्याही खिशात वेगवेगळा ठेवा. अधिकारी विचारतो ते साधं असतं : कोणाकडे आलात, किती दिवस राहणार. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागता येतो, हे आईला आवर्जून सांगा.