पियाजे-ब्रुनर टीईटीपुरते नाहीत, पुस्तकाचा क्रमच त्यांच्यावर उभाय

तुम्ही विचारलंय की डी.एड.ला पियाजे, स्किनर, वायगॉट्स्की हे शिकण्यावर सिद्धांत मांडणारे मानसशास्त्रज्ञ पाठ केले, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा निघाली, आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्याचा काय उपयोग. लई उपयोग आहे, आपल्या मराठवाड्यात तर जास्तच.

आधी गणिताच्या पुस्तकाचा क्रम बघा. पाचवीत बीजगणिताची नुसती पूर्वतयारी अन् अक्षर घालून समीकरण सहावीत. पियाजेचं म्हणणं असं की साधारण ७ ते ११ वर्षांचं लेकरू डोळ्यापुढं असलेल्या वस्तूंवर नीट तर्क करतं, निव्वळ अमूर्त विचार त्या वयानंतर सुरू होतो. खालच्या वर्गात मणी, काड्या, दशकाचे गठ्ठे असतात ते त्याच्यामुळंच. वयाचे आकडे प्रत्येक लेकराला तंतोतंत लागू होत नाहीत, पण क्रम कामाचाय.

माझ्या मते आपल्याला सगळ्यात जवळचा ब्रुनर. त्यानं १९६० मधे मांडलं की तोच विषय पुन्हा पुन्हा आणायचा, दर खेपेला थोडा वरच्या पातळीवर, सर्पिल अभ्यासक्रम म्हणतात तो हाच. अपूर्णांक घ्या ना, आधी अर्धा-पाव-पाऊण, पाचवीत सममूल्य अपूर्णांक अन् बेरीज, सहावीत गुणाकार-भागाकार. आता यात धरूनच चाललेत की लेकरू दर फेरीला वर्गात हजर आहे. अन् आपल्याकडं बीड जिल्ह्यातल्या धारूर, गेवराई, पाटोद्याची ऊसतोड टोळी दिवाळीच्या मागं-पुढं निघते ती मार्च-एप्रिलात येते, लेकरू हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडं राहिलं तर ठीक, नाहीतर दरवर्षी दुसरं सत्रच बुडतं, म्हणजे एकाच विषयाच्या दोन-तीन फेऱ्या सलग हुकू शकतात अन् आपण सहावीत म्हणतो की डोकं चालत नाही याचं. डोकं चालतंय हो त्याचं, मधल्या पायऱ्याच मिळाल्या नाहीत त्याला.

स्किनर-थॉर्नडाईक म्हणतात की सराव अन् लगेच मिळणारी शाबासकी यानं शिकणं पक्कं होतं, ते वाईट नाहीत. लातूर पॅटर्नमधला सराव, चाचण्यांवर चाचण्या, लगेच मार्क, हे सगळं त्यांच्याच वाटेवरचंय, पाढ्यांना अन् शुद्धलेखनाला ते लागतंच. पण अपूर्णांक म्हणजे काय हे घोकून कळत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नं ज्ञानरचनावाद, म्हणजे लेकरू स्वतः करून आपलं ज्ञान रचतं हा विचार, आणला तो याच्यासाठी, पुढं त्याच्या नावानं शाळांच्या फरशा रंगवल्या, भिंती रंगवल्या, अन् बऱ्याच ठिकाणी गाडी रंगापाशीच थांबली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वायगॉट्स्की तर तांड्यावरच्या शाळेत रोज लागतो. लेकरू एकट्यानं करू शकतं अन् जाणत्याच्या मदतीनं करू शकतं, यातलं जे अंतर आहे तिथंच शिकवायचं असं तो म्हणतो. घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणाऱ्या दुसरीतल्या पोराला चौथीतली ताई तिच्याच बोलीत समजावू द्या, शेवटी मराठीत सांगायला लावा. दोन शिक्षकी शाळेत तेवढाच तुम्हालाही हात मोकळा मिळतो.

तुम्हाला सहावी असेल तर टोळी परत आल्यावर त्या लेकरांना लगेच चालू धडा देऊ नका. कागदाची घडी घालून अर्धा-पाव विचारा, मग दोन चतुर्थांश अन् एक द्वितीयांश सारखेच का हे विचारा, लिहून नका घेऊ, तोंडी. जिथं अडकलं ती इयत्ता वहीत त्याच्या नावापुढं टाका अन् तिथूनच चालू करा, मग ती तिसरी का असेना. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर वही पुढं करा.