फुकटचं क्रेडिट मॉनिटरिंग घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका

तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि जुनं दुखणं ओळखीचं वाटलं. अमेरिकेतल्या एका मेडिकल बिलिंग कंपनीचं पत्र आलंय, जिचं नाव तुम्ही आधी ऐकलंही नव्हतं. नाव, जन्मतारीख आणि एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, अमेरिकेतला ओळख क्रमांक) बाहेर गेले असण्याची शक्यता त्यात मान्य केली आहे आणि सोबत २४ महिन्यांच्या फुकट क्रेडिट मॉनिटरिंगचा, म्हणजे क्रेडिट रिपोर्टवर नजर ठेवून बदल कळवणाऱ्या सेवेचा, कोड दिलाय. तुमचे प्रश्न दोन: नोंदणी करताना पुन्हा एसएसएन मागतात तो द्यायचा का, आणि एवढं केलं की निश्चिंत व्हायचं का? पत्र खरं असल्याची खात्री झाली असेल तर एसएसएन द्या. निश्चिंत मात्र होऊ नका.

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे काय, स्कोअर कसा बनतो हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहिते. मी वकील नाही. कायद्यातल्या मुदती खाली दिल्या आहेत त्या ठाम आहेत, पण तुमच्या प्रकरणात वेगळं काही असेल तर जाणकाराला विचारा.

पत्राची खात्री त्यावरच्या फोन नंबरवरून किंवा क्यूआर कोडवरून करू नका. कंपनीची साइट स्वतः शोधून तिथे सूचना आहे का ते बघा. मेन आणि कॅलिफोर्निया या राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल अशा घटनांची यादी जाहीर ठेवतात. आरोग्याशी संबंधित माहिती ५०० किंवा जास्त लोकांची गेली असेल तर ती घटना अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याच्या ब्रीच पोर्टलवर, म्हणजे माहितीचोरीच्या यादीत, सापडते. एवढी सावधगिरी जास्त वाटेल, पण २०१७ साली इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली तेव्हा त्यांच्याच ट्विटर खात्यावरून चुकीच्या, नक्कल केलेल्या साइटचा पत्ता लोकांना दिला गेला होता. ती नक्कल एका सुरक्षा अभ्यासकाने केवळ दाखवून देण्यासाठी बनवली होती, म्हणून निभावलं.

मग पत्रातला 'कोणती माहिती गेली' हा परिच्छेद नीट वाचा. फक्त ईमेल आणि पासवर्ड गेले असतील तर क्रेडिट मॉनिटरिंगचा काही उपयोग नाही, पासवर्ड बदला. कार्ड नंबर गेला असेल तर कार्ड बदलून घ्या. एसएसएन गेला असेल तेव्हाच हा सगळा विषय सुरू होतो. आणि एसएसएन दोन वर्षांनी शिळा होत नाही. ही २४ महिन्यांची मुदत तुमचा धोका मोजून ठरवलेली नसते. एसएसएन गेल्यास कनेक्टिकटचा कायदा २४ महिने आणि मॅसॅच्युसेट्सचा १८ महिने सेवा द्यायला लावतो, म्हणून बऱ्याच कंपन्या असलेच आकडे सगळ्यांना लावतात.

आता मला सगळ्यात महाग पडलेली चूक. अ‍ॅलर्ट येत नाही म्हणजे काही घडत नाही, असं मी समजले. मिळालेलं मॉनिटरिंग एकाच ब्युरोचं (क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीचं) होतं आणि खोटं कर्ज निघालं ते दुसऱ्या ब्युरोचा रिपोर्ट बघून. त्याआधी त्या सेवेच्या हेल्पलाइनला सरळ विचारलं होतं की फ्रीझ करू का, म्हणजे नव्या सावकाराला माझा रिपोर्ट बघूच न देण्याची सोय लावू का. 'मॉनिटरिंग चालू असताना गरज नाही' असं उत्तर मिळालं आणि ते मी प्रमाण मानलं. ज्यांना रोज असेच फोन येतात त्यांनी हे सांगावं याचा राग अजून गेलेला नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या, कारण पत्रात ते लिहिलेलं नसतं. इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन वेगळ्या खाजगी कंपन्या आहेत. कर्ज देणारा त्यातल्या एकीलाही विचारतो, दोघींनाही विचारतो, त्याच्या मर्जीनुसार. त्याने रिपोर्ट मागवल्याची नोंद, म्हणजे हार्ड इन्क्वायरी, ज्या ब्युरोला विचारलं तिथेच उमटते. उघडलेलं खातं दिसायला त्या सावकाराने ते कळवावं लागतं, आणि ते बहुधा महिन्याच्या चक्राने कळवलं जातं. म्हणजे खातं उघडल्यापासून ते रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत महिना-दोन महिने सहज जातात. काही सावकार तिन्हींना कळवत नाहीत, काही छोटे तर एकीलाही नाही. चोराने पत्ता स्वतःचा दिलेला असतो, त्यामुळे बिलं तुमच्याकडे येतच नाहीत. पहिली बातमी कधीकधी वसुलीवाल्यांच्या पत्रातून लागते. तेव्हा पत्रात मॉनिटरिंग एका ब्युरोचं आहे की तिन्हींचं, हे शोधा. 'सिंगल ब्युरो' असेल तर तुमच्या घराच्या तीन दारांपैकी एकावरच राखणदार आहे. शिवाय तो कोणाला अडवत नाही, चोर आत गेल्यावर हाक मारतो.

कडी घालायचं काम फ्रीझचं. २१ सप्टेंबर २०१८ पासून केंद्रीय कायद्याने तो सगळ्यांना फुकट आहे. तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळा करावा लागतो, एकीला सांगून दुसरीला कळत नाही. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केली तर त्यांनी एका कामकाजाच्या दिवसात लावायला हवा, आणि उठवायला सांगितलं तर एका तासात उठवायला हवा. टपालाने केलं तर दोन्हीला तीन कामकाजाचे दिवस. स्कोअरवर काही परिणाम नाही, चालू कार्डं नेहमीसारखी चालतात. कर्ज किंवा भाड्याचं घर हवं असेल तेव्हा समोरच्याला विचारा की तुम्ही कोणत्या ब्युरोचा रिपोर्ट बघता, आणि तेवढीच, तेवढ्या तारखांपुरती उठवा. तारीख टाकली की तो आपोआप परत लागतो.

साइटवर फ्रीझच्या शेजारीच 'लॉक' नावाची गोष्ट दिसेल. दिसायला सारखीच, बटण दाबलं की बंद. फरक असा की फ्रीझ हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि लॉक हे कंपनीच्या अटींवर चालणारं उत्पादन आहे, कधी पैसे घेऊन, कधी एखाद्या पॅकेजचा भाग म्हणून. पॅकेज संपलं की लॉकचं काय होतं ते त्या अटींवर अवलंबून. माझं मत स्पष्ट आहे: लॉकच्या नादी लागू नका.

एक क्रम पाळा, नाहीतर वैताग होतो. आधी मॉनिटरिंगची नोंदणी, मग फ्रीझ. नोंदणीच्या वेळी काही सेवांना तुमची ओळख ब्युरोच्या फाइलवरून पडताळायची असते, आणि फ्रीझ लागलेला असेल तर ती अडकते. मग तात्पुरता उठवून परत लावा. ओळख पटवताना 'यापैकी कोणत्या रस्त्यावर तुम्ही राहिला होता' असे प्रश्न येतात. अमेरिकेत नुकतेच आलेल्यांची फाइल पातळ असते, त्यांना हे प्रश्न नीट तयारच होत नाहीत आणि नोंदणी फसते. पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका, पत्रातल्या नंबरची साइटवरून खात्री करून फोनवर करा. पण नोंदणी रखडली म्हणून फ्रीझ मात्र रखडवू नका, आठवडाभरात जमलं नाही तर फ्रीझ आधी.

एसएसएन पुन्हा द्यायच्या भीतीबद्दल: ब्युरोकडे तो आधीपासून आहे, मॉनिटरिंग करणाऱ्याला तुमची फाइल शोधायला तो लागतोच. आणखी एका ठिकाणी माहिती जाते हा धोका खरा आहे. २०२५ मध्ये खुद्द ट्रान्सयुनियनमधून ४४ लाखांहून जास्त लोकांची माहिती गेली. तरी ज्याचा एसएसएन आधीच बाहेर आहे त्याच्यासाठी फायद्याचं पारडं थोडं जड राहतं, असं मला वाटतं. क्रेडिट कार्डाचा नंबर मात्र देऊ नका. कोडवर मिळणाऱ्या सेवेला त्याची गरज नसते. मागितला तर तुम्ही चुकून विकतच्या पानावर पोहोचला आहात. नोंदणीच्या अटींत लवादाचं कलम (भांडण कोर्टात न नेता लवादाकडेच न्यायचं बंधन) असतं का तेही बघा. २०१७ साली इक्विफॅक्सच्या फुकट सेवेतल्या अशाच कलमावर एवढा गदारोळ झाला की त्यांना ते काढावं लागलं.

'दहा लाख डॉलरचा विमा' या ओळीने हुरळून जाऊ नका. तो बहुतेक वेळा निस्तरण्याच्या खर्चाचा असतो: नोटरी, टपाल, वकील, बुडालेली मजुरी, तेही मर्यादांसह. पॅकेजमधला खरा कामाचा भाग म्हणजे रिस्टोरेशन, म्हणजे गडबड झाल्यावर तुमच्या वतीने फोन करणारा माणूस. काही पत्रांत लिहिलेलं असतं की हा भाग नोंदणी न करताही मिळतो. ते वाक्य शोधून पत्र जपून ठेवा. 'डार्क वेबवर तुमचा एसएसएन सापडला' हे अ‍ॅलर्ट वाचून घाबरू नका, ते तुम्हाला आधीच माहीत आहे.

खोटं खातं सापडलंच तर पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. रिपोर्टच्या शेजारचं 'डिस्प्यूट' बटण लगेच दाबू नका. बटण दाबलं की ब्युरो सावकाराला विचारतो, सावकार स्वतःच्या नोंदी बघून 'बरोबर आहे' म्हणतो, ३० दिवस जातात आणि खातं जागच्या जागी राहतं. त्याऐवजी आधी आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या फेडरल ट्रेड कमिशनच्या (ग्राहकांच्या हिताचं बघणारं सरकारी खातं) साइटवर आयडेंटिटी थेफ्ट रिपोर्ट तयार करा. तो रिपोर्ट, ओळखपत्राची प्रत, कोणत्या नोंदी खोट्या आहेत त्यांची यादी आणि 'हे व्यवहार माझे नाहीत' असं निवेदन, हे चारही एकत्र ब्युरोला पाठवा आणि फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टच्या कलम ६०५ बीखाली नोंदी ब्लॉक करा असं स्पष्ट शब्दांत लिहा. कागद मिळाल्यापासून चार कामकाजाच्या दिवसांत ब्लॉक करणं त्यांना बंधनकारक आहे. टपाल सर्टिफाइड, पोचपावतीसह. फोनवर कोणी 'आधी पोलीस रिपोर्ट आणा' म्हणून टोलवत असेल तर फेडरल ट्रेड कमिशनच्या रिपोर्टचं नाव घ्या. चोराने भरलेला अर्ज सावकाराकडून मागायचा असेल तर कलम ६०९ ई आहे, ३० दिवसांत, फुकट. तिथे मात्र पोलीस रिपोर्ट मागायची मुभा सावकाराला आहे, म्हणून स्टेशनला एकदा जाऊन या.

आता ज्या गोष्टी मॉनिटरिंगला दिसत नाहीत आणि फ्रीझनेही अडत नाहीत. तुमच्या एसएसएनवर कोणीतरी आधीच कर विवरणपत्र भरून रिफंड नेणं ही त्यातली मोठी. त्यावर उपाय आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचा, आयपी पिन: सहा आकडी, दरवर्षी नवा, २०२१ पासून मागेल त्याला मिळतो, नवरा-बायको आणि मुलं प्रत्येकाला वेगळा. पिन असलेल्याचं विवरणपत्र पिनशिवाय ई-फाइल होत नाही, त्यामुळे तुमचं विवरणपत्र भरणाऱ्या सीपीएलाही दरवर्षी नवा आकडा द्यायची आठवण ठेवा. बँक खाती उघडण्यासाठी बऱ्याच बँका चेक्ससिस्टम्स या बँक खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला विचारतात, तिथे वेगळा फ्रीझ लावा. आरोग्याची माहिती गेली असेल तर विमा कंपनीची ईओबी पत्रकं (कोणत्या उपचाराचा किती दावा झाला ते सांगणारी) न वाचता फेकू नका. न घेतलेल्या उपचारांचा दावा तिथेच दिसतो. ई-व्हेरिफायचं (नोकरीवर घेताना कामाची परवानगी पडताळणारी सरकारी यंत्रणा) सेल्फ लॉकही चांगलं आहे, त्याने तुमचा एसएसएन तिथे दुसऱ्याला वापरता येत नाही, पण नोकरी बदलताना ते आधी उघडायला विसरलात तर नव्या कंपनीत तुमची पडताळणी अडकेल. व्हिसावर असाल तर हा घोळ नको तेव्हाच होतो.

रिपोर्ट स्वतः बघायला अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्युरोंचे आता दर आठवड्याला फुकट मिळतात. दर चार महिन्यांनी तिन्ही एकाच दिवशी काढा आणि स्कोअर न बघता दोनच गोष्टी वाचा: पत्त्यांची यादी आणि इन्क्वायऱ्या. अनोळखी पत्ता बहुधा अनोळखी खात्याच्या आधी येतो.

तुम्ही पुढच्या वर्षी कायमचं भारतात परतणार असं लिहिलंय, म्हणून हे खास. तिन्ही फ्रीझ निघण्याआधी लावा. ओटीपी अमेरिकन मोबाइलवर येतो, आणि इंटरनेटवरच्या नंबरवर तो पोहोचेलच याची खात्री नाही. लॉगिन ज्या ईमेलवर आहे तो ऑफिसचा नसावा. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचेही एसएसएन आहेत आणि त्यांच्या नावाने वर्षानुवर्षे कोणी रिपोर्ट बघत नाही. १६ वर्षांखालच्या मुलांचा फ्रीझ पालकांना फुकट करता येतो, पण तो साधारणपणे टपालाने: मुलाचा जन्मदाखला, एसएसएन कार्डाची प्रत, तुमचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, तिन्ही ब्युरोंना वेगळा संच. उत्तराचं पत्र अमेरिकेतल्या पत्त्यावर येतं, म्हणून घर सोडायच्या किमान दोन महिने आधी पाठवा. आणि पत्रावरच्या कोडची शेवटची तारीख आज बघा, ती २४ महिन्यांची नसते, बहुधा दोन-तीन महिन्यांतली असते.