वाचकांचे प्रश्न : लालो पुन्हा पुन्हा तेच का विचारतो?

‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वातील नवव्या भागाविषयी, म्हणजे ‘बॅड चॉइस रोड’विषयी, आमच्याकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यात अमली पदार्थांच्या टोळीतला लालो वकील सॉल ऊर्फ जिमीच्या घरी येऊन त्याला तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगायला लावतो. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. उत्तरांमध्ये शेवटच्या पर्वापर्यंतचे कथानक उघड होते, तेव्हा ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

प्रश्न : ही मालिका ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेच्या आधीचा काळ दाखवते. सॉल, लालोचा वैरी गस आणि गसचा माणूस माइक पुढे जिवंत आहेत, हे आपल्याला ठाऊकच असते. असे असूनही लालो घरात शिरतो तेव्हा जीव टांगणीला का लागतो? (सांगली)

पहिले कारण असे की त्या घरात जिमीची वकील पत्नी किम वेक्स्लरही आहे. ‘ब्रेकिंग बॅड’च्या 62 भागांत तिचे नाव एकदाही येत नाही, त्यामुळे तिचे पुढे काय झाले हे शेवटच्या पर्वापर्यंत कोणालाच सांगता येत नव्हते. 13 एप्रिल 2020 रोजी हा भाग प्रथम दाखवला गेला. आपल्याकडे तेव्हा टाळेबंदी होती, आणि त्या दिवसांत ज्यांनी तो पाहिला त्यांना प्रामुख्याने किमचीच काळजी वाटत होती.

मला मात्र दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. लालोच्या जामिनाचे 70 लाख डॉलर आणण्यासाठी जिमी, म्हणजे पुढचा सॉल, वाळवंटात जातो. परतीच्या वाटेवर त्याच्यावर गोळीबार होतो आणि माइक त्याला वाचवतो, परंतु लालोला जिमी एवढेच सांगतो की गाडी बंद पडली आणि आपण एकटेच चालत आलो. गाडी जिमी आणि माइकने घळीत ढकलून दिलेली असते. लालो ती शोधून काढतो, तिच्यावरील गोळ्यांची भोके पाहतो आणि मगच जिमीच्या दारात येतो. हे आपण पाहिलेले असते, जिमीला ते ठाऊक नसते. समोरच्या इमारतीवरून बंदूक रोखून बसलेला माइक चालू ठेवलेल्या फोनवरून सगळे ऐकत असतो. किमने त्याआधीच जिमीच्या सामानातला कॉफीचा मग पाहिलेला असतो. तो तिनेच त्याला दिलेला असतो आणि आता त्याला गोळीचे भोक पडलेले असते.

अशा रीतीने चार माणसांपैकी प्रत्येकाला सत्याचा एकेक तुकडा माहीत आहे, आणि सगळे तुकडे फक्त प्रेक्षकाच्या हाती आहेत. लालो आवाजही चढवत नाही. तो फक्त ‘पुन्हा सांग’ म्हणतो, आणि जिमी जवळजवळ त्याच शब्दांत तीच हकिगत पुन्हा सांगतो. जिमी मरणार नाही हे ठाऊक असल्यामुळे आपले लक्ष त्याच्या मरणावर न राहता त्याची थाप नेमकी कोणत्या वाक्यात उघडी पडेल याकडे लागते. आधीची कथा सांगणाऱ्या मालिकेला हा फायदा असतो, आणि येथे लेखक-दिग्दर्शक थॉमस श्नॉझ यांनी तो पुरेपूर उचलला आहे.

प्रश्न : किम चार शब्द सुनावते आणि लालोसारखा खुनी निमूटपणे निघून जातो, हे फारच फिल्मी वाटले. आपले मत काय? (नाशिक)

आम्ही सहमत नाही. लालो जे करतो ती उलटतपासणी आहे, आणि किम तिला बचावाच्या वकिलासारखेच उत्तर देते. गाडीवर गोळ्या कशा लागल्या, याचा खुलासा ती सिद्ध करून दाखवत नाही. ओसाड रानात बेवारस गाडी दिसली की लोक गंमत म्हणून तिच्यावर गोळ्या झाडतात, एवढी एक शक्यता ती पुढे ठेवते. संशयाचा फायदा मिळवायला तेवढे पुरते. मगावरचे भोक पाहिलेली बाई हे बोलते आहे, हे लक्षात घेतले तर तिच्या धिटाईचे मोल कळते.

त्यानंतर ती तपासणीचे तोंडच फिरवते. एवढी रक्कम आणायला तुम्हाला एक वकील गाठावा लागला, कारण तुमच्या स्वतःच्या माणसांवर तुमचा भरवसा नाही, तेव्हा आधी आपले घर सावरा, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. हे लालोच्या वर्मी लागते, कारण ते खरे आहे. त्याच्या सोबत फिरणारा नाचोच गसला बातम्या पुरवत असतो. लालो घाबरून गेलेला नाही. त्याच्या संशयाला दुसरे आणि अधिक पटणारे ठिकाण मिळाले, म्हणून तो गेला.

या विजयाची किंमत पुढे मोजावी लागते. पुढच्याच भागात किम वकील हॉवर्ड हॅम्लिनला बदनाम करण्याची कल्पना मांडते आणि तिच्या डोळ्यांतली चमक पाहून जिमीसुद्धा बिचकतो. त्या कारस्थानाचा शेवट 23 मे 2022 रोजी दाखवलेल्या भागात होतो. त्याच घरात मेणबत्तीची ज्योत थरथरते, लालो आत येतो आणि जाब विचारायला आलेला हॉवर्ड त्याच्या गोळीला बळी पडतो. वाहिनीने त्यानंतर चाहत्यांना सात आठवडे ताटकळत ठेवले, हे अनेकांनी अजून माफ केलेले नाही!

प्रश्न : दोन्ही मालिका नव्याने पाहायच्या असतील तर आधी कोणती पाहावी? (पुणे)

आधी ‘ब्रेकिंग बॅड’. घटनाक्रमानुसार पाहण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : ‘ब्रेकिंग बॅड’मध्ये सॉल ‘लालोने पाठवले का’ असे विचारतो. लालो तर त्याच्या चार वर्षे आधीच मेलेला असतो. ही लेखकांची चूक नव्हे काय? (न्यू जर्सी)

2009 साली दाखवलेला तो प्रसंग असा : बुरखे घातलेले वॉल्टर आणि जेसी, म्हणजे त्या मालिकेतले अमली पदार्थ बनवणारे दोघे, सॉलला वाळवंटात नेतात, आणि तो ‘मी नाही, इग्नासिओने केले’ असे ओरडत लालोचे नाव घेतो. तेव्हा ही केवळ दोन नावे होती. इग्नासिओ म्हणजे नाचो हे नव्या मालिकेत ठरले, आणि लालो तर 2018 साली चौथ्या पर्वात प्रथम दिसला.

सहाव्या पर्वात लेखकांनी हा धागा जुळवून घेतला आहे. लालो जिमीला बांधून जाब विचारतो तेव्हा जिमी नाचोचेच नाव पुढे करतो. शिवाय जळालेला दुसराच देह मागे ठेवून लालोने एकदा आपल्या मृत्यूचा बनाव रचलेला होता. मेला म्हणून कळलेला माणूस ज्याच्या दारात येऊन उभा राहिला, तो पुढच्या वेळी तशा बातमीवर विसंबणार नाही. जिमीने त्याचे प्रेत पाहिलेले नाही, ते गसच्या भूमिगत प्रयोगशाळेत पुरलेले असते. म्हणून याला चूक म्हणता येत नाही.

तरीही सांधा थोडा दिसतो, असे आमचे मत. त्या जुन्या प्रसंगात सॉल काही क्षणांतच सावरतो, दोघांना आपल्या खिशात एकेक डॉलर टाकायला सांगून त्यांना अशील करून घेतो आणि थट्टेवर येतो. लालोच्या तडाख्यातून गेलेला जिमी इतक्या लवकर थट्टा करू शकेल, हे काही आम्हाला पटत नाही.