‘एमडन’ला तारणारे कोळशाचे जहाज

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील ‘एमडन’ या जर्मन क्रूझरविषयी (वेगवान युद्धनौकेविषयी) वाचताना ‘ब्यूरेस्क’ या ब्रिटिश कोळसावाहू जहाजाचा ओझरता उल्लेख आढळला. साधे व्यापारी जहाज नौदलाच्या कामाला कसे लागत असे आणि ‘ब्यूरेस्क’चे पुढे काय झाले?

उत्तर : ‘एमडन’च्या पराक्रमाच्या वर्णनांत ‘ब्यूरेस्क’ दोन ओळींत आटोपते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. या जहाजाच्या पोटातला कोळसा हाती लागला नसता, तर ‘एमडन’ला हिंदी महासागरात इतके दिवस मोकळेपणाने वावरता आले असते असे मला वाटत नाही.

3 ऑगस्ट 1914 च्या राजघोषणेने ब्रिटिश नौदलाच्या कारभाराची सूत्रे सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिरल्टीला देशाच्या किनाऱ्यालगतची कोणतीही ब्रिटिश जहाजे सक्तीने कामाला लावण्याचा अधिकार मिळाला. याचा अर्थ मालकी जात असे असा नव्हे. जहाज कंपनीचेच राही, त्यावरचे खलाशीही सहसा व्यापारी नोकरीतलेच असत. मात्र कोणता माल भरायचा आणि तो कुठे पोहोचवायचा हे अ‍ॅडमिरल्टी ठरवी व मालकाला भाडे देई. नौदलाची बहुतेक जहाजे तेव्हा कोळशावर चालत असल्यामुळे अशा जहाजांची गरज सर्वांत मोठी होती आणि त्यातही मागणी असे ती वेल्समधील कोळशाची, कारण तो भरपूर उष्णता देई आणि धूर मात्र अगदी कमी करी.

‘ब्यूरेस्क’ असाच सुमारे 6600 टन उत्तम वेल्श कोळसा घेऊन ब्रिटिश नौदलासाठी हाँगकाँगकडे निघाले होते. 27 सप्टेंबर 1914 रोजी मिनिकॉय बेटाजवळच्या जलमार्गावर ते ‘एमडन’च्या तावडीत सापडले. त्याआधी पकडलेल्या ‘पोंतोपोरोस’ या ग्रीक जहाजावर भारतीय कोळसा होता. तो धुराचे लोट सोडी आणि नौका दुरूनच नजरेस पडे. आता शत्रूच्याच नौदलासाठी निघालेला सर्वोत्तम कोळसा आयता मिळाला. ‘एमडन’च्या कोठारांत जास्तीत जास्त 860 टनांच्या आसपास कोळसा मावत असे, म्हणजे ती सात वेळा काठोकाठ भरूनही ‘ब्यूरेस्क’मध्ये काही शिल्लक राहिले असते. म्हणूनच कप्तान फोन म्युलर यांनी हे जहाज न बुडवता त्यावर आपली माणसे चढवली आणि त्याला सोबत घेतले.

कोळसा चढवण्याचे काम मात्र जिवावर येणारे असे. दोन्ही जहाजे एकमेकांना बांधायची, खालच्या तळघरात फावड्यांनी पोती भरायची, ती वाफेच्या यंत्राने वर ओढायची आणि डेकवरच्या भोकांतून कोठारात रिकामी करायची. कोठारातली माणसे तो ढीग कोपऱ्याकोपऱ्यांत पसरत. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात घामावर काळी भुकटी चिकटे, ती डोळ्यांत आणि नाकातोंडात जाई. ऑक्टोबरमध्ये हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटावर असाच कोळसा भरला गेला. तिथल्या रहिवाशांना युद्ध सुरू झाल्याची वार्ताही नव्हती, त्यामुळे त्यांनी या पाहुण्यांचे स्वागतच केले.

9 नोव्हेंबरला ‘एमडन’ त्याच महासागरातील कोकोस बेटांपैकी डिरेक्शन बेटापाशी नांगर टाकून उभी होती. तारयंत्राचे केंद्र उद्ध्वस्त करायला एक तुकडी किनाऱ्यावर उतरली होती आणि कोळशासाठी ‘ब्यूरेस्क’ला बिनतारी संदेशाने बोलावले होते. सकाळी क्षितिजावर धूर दिसला, तेव्हा तो आपल्याच जहाजाचा असावा असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ती ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन क्रूझर होती. तिच्या सहा इंची तोफांपुढे ‘एमडन’च्या लहान तोफांचा निभाव लागला नाही आणि फोन म्युलर यांनी नौका नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकांवर चढवली.

लढाईच्या परिसरात ‘ब्यूरेस्क’ही येऊन पोहोचले होते. ‘सिडनी’ने पाठलाग करून दुपारी बाराच्या सुमारास ते गाठले, पण जर्मनांनी तळाच्या झडपा आधीच उघडल्या होत्या आणि पाणी झपाट्याने आत शिरत होते. जहाजावर 18 चिनी खलाशी, एक इंग्रज कारभारी, एक नॉर्वेजियन स्वयंपाकी आणि जहाजाचा ताबा सांभाळणाऱ्या जर्मन पथकाचे तीन अधिकारी, एक वॉरंट अधिकारी व 12 सैनिक होते. 43 दिवस जर्मन कामात राहिलेल्या या जहाजावरून त्या सर्वांना ‘सिडनी’ने आपल्याकडे घेतले, बुडत्या जहाजावर चार गोळे टाकले आणि ती ‘एमडन’कडे परत वळली.