योगवर्गातल्या वरिष्ठ ताई विद्यार्थ्यांसमोर चुका काढतात, काय करावं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या वर्गात पाच शिक्षक आहेत, त्यातल्या वरिष्ठ ताई तुमच्या चालू बॅचमध्ये येऊन सगळ्यांदेखत चुका काढतात आणि शिक्षकांच्या ग्रुपवर बोललात तर ‘योगशिक्षिका असून एवढा राग?’ असं ऐकावं लागतं.

मी पुण्यात 11 वर्षं शिकवतेय. आधी कबूल करते, त्या ताईंच्या जागी मी स्वतः होते. एका मैत्रिणीची बॅच बदलीवर घेतली होती. सर्वांगासनाला सगळ्या बायका थेट सतरंजीवर आडव्या झाल्या. मी अय्यंगार पद्धतीत शिकलेली, आमच्याकडे खांद्याखाली घड्या घातलेली ब्लँकेट्स घेतात, मान मोकळी राहते. माझ्या तोंडून निघून गेलं, “हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?” झालं. एका काकूंनी ते दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं मैत्रिणीला सांगितलं. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. बरं, तिची पद्धत चूक होती का? नाही. तीही रीतसर शिकलेली, फक्त दुसऱ्या परंपरेत. आपल्या क्षेत्रातली निम्मी भांडणं ‘माझ्या गुरुजींनी असं सांगितलंय’ इथूनच सुरू होतात.

म्हणून ताईंना एकटं गाठा, वर्ग संपल्यावर, चहाला वगैरे. सरळ म्हणा, “ताई, माझं काही खटकलं तर बॅच सुटल्यावर सांगाल का? मध्येच सांगितलं की लोक गोंधळतात, कुणाचं ऐकायचं ते कळत नाही.” यात तुमचा अपमान झाला वगैरे काही आणू नका, झालेला असला तरी. धोक्याची गोष्ट मात्र वेगळी. रक्तदाब वाढलेला माणूस शीर्षासनात जात असेल तर ताईंनी त्याला तिथल्या तिथे थांबवायलाच हवं. पण बोलायचं त्या माणसाशी. शिक्षकाशी नंतर.

आता ग्रुपबद्दल. मागे एकदा ताप आला म्हणून मी रात्री लिहिलं, “उद्या सकाळी 6 ची बॅच कुणी घेईल का?” पाच जणांनी हात जोडलेलं चिन्ह टाकलं. मी निवांत झोपले. सकाळी 14 जण बंद शटरसमोर उभे! कुणाचे हात ‘लवकर बऱ्या व्हा’ म्हणून जोडलेले, कुणाचे ‘माफ करा, जमणार नाही’ म्हणून, एकाने तर नुसतं ‘वाचलं’ म्हणून. तेव्हापासून मी एकाच माणसाला फोन करते आणि ‘हो, मी जातोय’ हे शब्द ऐकल्याशिवाय ठेवत नाही.

फोनवरच बॅचची माहितीही देते. कुणाला काचबिंदू आहे, म्हणजे डोकं खाली जाणारी आसनं नकोत. कुणाची मणक्यातली गादी सरकली आहे, म्हणजे पश्चिमोत्तानासनासारखं पुढे वाकायचं आसन नको. ही माहिती ग्रुपवर नावानिशी टाकणारे शिक्षक मी पाहिलेत. लोकांनी आपलं दुखणं विश्वासाने सांगितलेलं असतं हो, ते चाळीस जणांत कशाला?

मानधनाचंही तसंच. ‘सेवा’ म्हणून पैशांचं बोलायला आपण लाजतो आणि मग सहा महिने धुसफुसत राहतो. बदलीच्या तासाचे पैसे कुणाला, हे वर्ग चालवणाऱ्यांकडून आधीच लेखी घ्या.

आणि ‘एवढा राग?’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. यम-नियम, म्हणजे योगातले वागणुकीचे नियम, हे दुसऱ्याला आठवण करून देण्यासाठीच आहेत असं काही जणांना वाटतं. ताईंनी दोनदा सांगूनही ऐकलं नाही, तर वर्ग चालवणाऱ्यांना भेटा. भेटणार आहात हे ताईंना आधी कळवा, पाठीमागून नको. ग्रुपवर तर अजिबात नको. तिथे तुम्हाला जोडलेले हातच मिळतील.