लेसरनं भाजलं, पण फॉर्मवर सही केलीय, आता काय?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही राहता नाशिकला, पण लेसरनं केस काढायचं सहा सिटिंगचं २४ हजारांचं पॅकेज पुण्यात घेतलं, दोन नीट झाली, तारकर्लीहून आल्यावर आठवड्यातच तिसरं केलं आणि पोटऱ्या भाजून काळे पट्टे पडले, आता क्लिनिकवाले म्हणतात सही केलीय ना, उरलेले १२ हजार घ्या आणि 'तक्रार नाही' असं लिहून द्या. ते अजिबात लिहून देऊ नका.

संमतीच्या फॉर्मवरची सही म्हणजे काय त्रास होऊ शकतो ते सांगितलं होतं, इतकंच. हलगर्जीपणाला त्यात माफी नसते.

आता हलगर्जीपणा झाला का ते बघू. लेसरचा उजेड केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं, त्या उष्णतेनं मूळ जळतं, पण मेलॅनिन कातडीतही असतंच, आपल्या सावळ्या रंगात जास्त आणि उन्हात रापल्यावर अजून जास्त, मग केसाऐवजी कातडीच भाजते. म्हणून टॅन असेल तर सिटिंग पुढं ढकलतात, टेस्ट पॅच घेतात, म्हणजे आधी छोट्याशा जागेवर लेसर मारून बघतात, सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग मशीन जास्त सेफ धरतात. तर त्या दिवशी कुणी विचारलं का, उन्हात फिरून आलात का म्हणून? सगळी केस इथंच आहे. विचारलं नसेल तर तुमची बाजू भक्कम, पण फॉर्मात तो प्रश्न होता आणि तुम्ही न वाचताच 'नाही'वर टिक केलं असेल तर जड जाईल, खोटं कशाला सांगू.

डाग फिके व्हायच्या आत स्किनच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या, तारखेसकट फोटो काढा, पावत्या, व्हॉट्सॲप चॅट, 'केस कायमचे जातील' वाली जाहिरात असेल तर तिचा स्क्रीनशॉट, सगळं ठेवा (लेसरनं केस कमी होतात, सगळे कायमचे जातीलच असं नाही, त्यामुळे ती जाहिरातही दिशाभूल करणारी ठरू शकते). मशीन कुठलं, सेटिंग किती, चालवलं कुणी, याचे कागद लेखी मागा. क्लिनिक डॉक्टरचं असेल तर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं.

मग नोटीस, आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथं, म्हणजे नाशिकलाच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पोलिसात जायची घाई नको, तिथं हलगर्जीपणा फार मोठा दाखवावा लागतो.

तडजोडच करायची असेल तर पूर्ण २४ हजार आणि डागांच्या उपचाराचा खर्च मागा, आणि पैसे खात्यात आल्यावरच सही.