वाचक विचारतात : खेळण्यांवरून निघालेली अंतराळ-कॉमिक्स

प्रश्न : काका बोटीवर होते. त्यांनी आणलेली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची चाळीसेक कॉमिक्स माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होती. आता उघडली तर कुबट वास, करडी बुरशी, कडा कसरीने खाल्लेल्या. वाचतील का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : बहुतेक वाचतील, फक्त उन्हात घालू नका. पापडांना मानवतं ते या कागदाला मानवत नाही. ही कॉमिक्स वर्तमानपत्राच्या जातीच्या स्वस्त कागदावर छापलेली असतात. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं आणि उन्हाने ते झपाट्याने तपकिरी पडून कागद ठिसूळ होतो. सावलीत, पानं सैल उघडून अंक उभे ठेवा. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा. थेट वाऱ्याने पानं फाटतात आणि बुरशीचे बीजाणू घरभर होतात.

बुरशी ओली असताना पुसली तर ती कागदात आणखी मुरते. भुकटीसारखी कोरडी झाली की पडवीत बसून, तोंडाला मास्क लावून, रंगाच्या मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे झाडा. डाग राहतील, ते राहू द्या. ब्लीच, डेटॉल, स्पिरिट यांतलं काहीही लावू नका, शाई उतरते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. पूर्ण वाळल्यावर बोथट, पातळ पट्टीने कडेकडून हळूहळू सोडवा. शाईच चिकटली असेल तर तिथेच थांबा.

कसरीसाठी डीप फ्रीझर उत्तम. अंक दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. कागद आधी नीट वाळलेला हवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव सुटतं. (सुरमईशेजारी ठेवणार असाल तर पिशव्या तीन घ्या.)

आता साठवण. कोकणात खरी चूक होते ती इथेच. पत्रा रात्री गार पडतो आणि आतली दमट हवा त्यावर पाणी होऊन बसते, म्हणून ट्रंक बाद. झाकणाला रबरी कड असलेला, तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या. वीस लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. नारिंगी रंगाचं घ्या. दमट झालं की ते हिरवं पडतं, मग ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते नको. डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास असावा. पासष्टच्या वर राहिला की बुरशी धरते.

आगोटीच्या कामांबरोबर मे महिन्यात डबे भरू नका. तेव्हा हवा आधीच दमट असते आणि तुम्ही तीच आत कोंडता. पौष-माघातली कोरडी दुपार धरा. अमेरिकी अंक साधारण १७ बाय २६ सेंटिमीटरचा असतो. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा घालून ठेवा. पीव्हीसीची मऊ पारदर्शक पिशवी काही वर्षांत मुखपृष्ठाला चिकटते.

प्रश्न : मधल्या पिना गंजल्या आहेत. काढाव्यात का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : गंज कागदात उतरू लागला असेल तर काढा. अंक मध्यावर उघडून पिनेचे पाय बोथट सुरीच्या टोकाने सरळ करा आणि मग बाहेरून उचला. आधी बाहेरून उपटलीत तर भोकाभोवतीचा कागद सोबत येतो. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैलसर गाठ मारा. अंक विकायचा असेल तर मात्र मूळ पिनेला हात लावू नका, बदललेल्या पिनेने भाव पडतो.

प्रश्न : ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या पहिल्या अंकावर ‘चार अंकांची मालिका’ असं छापलंय. मग पुढचे अंक नकली का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. १९८४ साली मार्व्हल या अमेरिकी प्रकाशकाने चारच अंक ठरवले होते, पण खप पाहून मालिका ८० अंकांपर्यंत, १९९१पर्यंत चालली. शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘चार अंकांच्या मालिकेतला ऐंशीवा’ अशी मिश्कील ओळ आहे. आकाराने मोठे अंक दिसले तर ते ब्रिटिश आवृत्तीचे, त्यांचे क्रमांक वेगळे धावतात.

प्रश्न : मार्व्हलची ‘रॉम’ आणि ‘मायक्रोनॉट्स’ ही कॉमिक्स इतकी वर्षं पुन्हा का छापली नाहीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खेळणं एकाचं, गोष्ट दुसऱ्याची. रॉम हे पार्कर ब्रदर्सचं १९७९चं खेळणं. ते फारसं चाललं नाही, पण बिल मँट्लो यांनी लिहिलेलं मार्व्हलचं कॉमिक १९८६पर्यंत ७५ अंक टिकलं. करार संपल्यावर रॉमचं नाव आणि रूप खेळण्याच्या मालकाकडे राहिलं (पुढे ते हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे गेलं), तर कथेसाठी रचलेली बाकीची पात्रं मार्व्हलकडे. दोघांपैकी एकालाही एकट्याने जुने अंक छापता येईनात.

मायक्रोनॉट्सचंही तेच. मूळ खेळणी जपानच्या ताकाराची, १९७४ची ‘मायक्रोमॅन’. अमेरिकेत ती मेगो कंपनीने आणली. पात्रांपैकी बॅरन कार्झा आणि ॲक्रोयिअर खेळण्यांतून आलेले, तर रॅन, मॅरिओनेट आणि बग मार्व्हलने घडवलेले. म्हणूनच बग पुढे इतर अंकांत भेटत राहिला आणि कार्झा गायब झाला. हॅस्ब्रोशी नवा करार झाल्यावर २०२४मध्ये दोन्हींचे जाडजूड संग्रह निघाले. केवळ चित्रांसाठी घेणार असाल तर मायक्रोनॉट्सचे पहिले बारा अंक पाहा, ते मायकेल गोल्डनचे आहेत. ‘रॉम’ची मजा चित्रांपेक्षा कथेत जास्त आहे.

प्रश्न : कॉमिक्ससोबत जपलेल्या फनस्कूलच्या ‘जी. आय. जो’ सैनिक-बाहुल्यांचे पाय लोंबकळतात. शिवाय डब्यात डांबरगोळ्या ठेवल्या तर चालतील का?
— एक वाचक, हर्णै

उत्तर : डांबरगोळ्या आधी काढा. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे भाग मऊ पडतात आणि कागदाला धरलेला वास जाता जात नाही. खेळणी आणि अंक एका डब्यात नकोतच. मऊ प्लॅस्टिकमधून पाझरणाऱ्या द्रवाचे कागदावर डाग पडतात.

पाय लोंबतात ते आतली ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, तुटल्यामुळे. बंदरावर बोटीच्या इंजिनांचे सुटे भाग विकतात तिथे जुने तुकडे दाखवून त्याच जाडीची नायट्राइल रबराची रिंग मागा. पाठीचा स्क्रू काढण्याआधी फोटो काढा, कारण धड उघडताच हात आणि डोकं सुटं होतं. रिंगचं खालचं टोक पायांच्या धातूच्या हुकात आणि वरचं टोक कमरेच्या तुकड्यातून ओढून छातीतल्या स्क्रूच्या खांबावर अडकवा. रिंग फार घट्ट झाली तर कमरेचा तुकडा तुटतो, फार सैल झाली तर पाय पुन्हा लोंबतात. धडाचे दोन भाग मिळाले की स्क्रू थांबवा, पुढे आवळलात तर प्लॅस्टिकमधले आटे जातात. आणि हे सगळं करण्याआधी बाहुल्याच्या हातातली शस्त्रं काढून ठेवा, कारण अंगठे सर्वांत आधी मोडतात.